पेनिसिलिनच्या टाकीतील प्राणवायू

चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतील आरोग्यसेवकांना सिकलसेल हा आजार नवा नाही. हिमोग्लोबिनमधील आनुवंशिक दोषामुळे या रुग्णांच्या तांबड्या पेशी प्राणवायू कमी पडताच विळ्यासारख्या वाकतात, कडक होतात आणि सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकतात. त्याचा पहिला मोठा आघात बालपणीच प्लीहेवर होतो. प्लीहा निकामी झालेल्या बालकाला न्यूमोकोकस या जिवाणूचा संसर्ग काही तासांत प्राणघातक ठरू शकतो. म्हणून अशा बालकांना पहिल्या काही महिन्यांपासून पाच वर्षांचे होईपर्यंत दिवसातून दोनदा पेनिसिलिन देण्याची पद्धत आहे. अशा प्रतिबंधक पेनिसिलिनमुळे हा संसर्ग ८४ टक्क्यांनी घटतो, असे १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीत दिसून आले होते. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानामुळे या आजाराकडे देशाचे लक्ष वेधले गेले.

प्राणवायूच्या टंचाईने बळावणाऱ्या या आजारात उपयोगी पडणारे हे औषध तयार होते, तेही प्राणवायूच्या टंचाईशी झगडूनच. पेनिसिलिन एका बुरशीपासून मिळते. ही बुरशी पोलादाच्या प्रचंड टाकीत, साखर आणि क्षार मिसळलेल्या पाण्यात वाढवली जाते. या ढवळत्या टाकीला बायोरिअॅक्टर किंवा फर्मेंटर म्हणतात. टाकीची उंची, तिच्यातील पाती, तळाचे छिद्रांचे कडे, बाहेरचे हवेचे पंप या साऱ्यांची रचना एका प्रश्नाभोवती झालेली आहे : पाण्यात बुडालेल्या कोट्यवधी पेशींना श्वास कसा पुरवायचा?

सडवा आणि टाकी

आंबवण्याची क्रिया पूर्व विदर्भाला अपरिचित नाही. वेचलेली मोहफुले पाण्यात भिजवून मडक्यात झाकून ठेवली की काही दिवसांत त्यांचा सडवा तयार होतो. फुलांतील साखरेवर यीस्ट वाढते आणि तिचे मद्यार्क व कार्बन डायऑक्साइड यांत रूपांतर करते. या क्रियेला हवा लागत नाही. हवा फार मिळाली तर उलट मद्यार्काचे व्हिनेगर होण्याचा धोका असतो. म्हणूनच मडके, झाकण आणि थोडा धीर एवढ्या साहित्यावर हे काम होते.

परंतु हवेवाचून जगण्याची किंमत मोठी असते. ग्लुकोजचा एक रेणू प्राणवायूविना मोडला तर पेशीला ऊर्जावाहक एटीपीचे दोनच रेणू मिळतात. प्राणवायूच्या साहाय्याने पूर्ण ज्वलन झाले तर तेच सुमारे ३० मिळतात. पेनिसिलिनची बुरशी या दुसऱ्या मार्गाने जगते. शिवाय तिला प्राणवायू केवळ श्वसनासाठी लागत नाही. पेनिसिलिनच्या रेणूत दोन जोडलेली कडी असतात आणि ती मिटवणारे विकर प्रत्येक रेणूमागे प्राणवायूचा एक रेणू थेट वापरते. प्राणवायू नसेल तर बुरशी अर्धपोटी राहतेच, पण औषधाची बांधणीही थांबते.

बाटल्यांपासून टाक्यांपर्यंत

अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२८ मध्ये पेनिसिलिनचा शोध लावला. मात्र ते रुग्णापर्यंत पोहोचण्यास एक तपाहून अधिक काळ लागला. ऑक्सफर्डमधील हॉवर्ड फ्लोरी, अर्न्स्ट चेन आणि नॉर्मन हीटली यांनी बुरशी उथळ भांड्यांत वाढवली. भांडी अपुरी पडू लागली तेव्हा रुग्णालयातील बेडपॅनही वापरली. द्रवाच्या पृष्ठभागावर बुरशीची साय धरे आणि ती वरच्या हवेतून श्वास घेई. फेब्रुवारी १९४१ मध्ये ज्या पोलिसावर हे औषध प्रथम वापरले गेले, त्याच्या लघवीतून पेनिसिलिन परत मिळवून पुन्हा टोचण्याची वेळ आली. त्याची प्रकृती सुधारू लागली होती, पण साठा संपला आणि तो दगावला.

पृष्ठभागावरच वाढ होत असल्याने उत्पादन वाढवायचे तर भांड्यांची संख्या वाढवण्यावाचून गत्यंतर नव्हते. उपाय निघाला तो बुरशीला द्रवाच्या पोटात बुडवून वाढवण्याचा आणि हवा तिच्यापर्यंत नेण्याचा. अमेरिकेतील पिओरिया येथील कृषी प्रयोगशाळेने त्याचा पाया घातला आणि मार्च १९४४ मध्ये फायझर कंपनीने ब्रुकलिन येथे प्रत्येकी सुमारे २८ हजार लिटरच्या १४ टाक्या सुरू केल्या. औषधनिर्मितीच्या इतिहासातील हे मोठे वळण ठरले.

हे तंत्र महाराष्ट्रात आले ते स्वातंत्र्यानंतर. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने केंद्र सरकारने १९५४ मध्ये पुण्याजवळ पिंपरी येथे हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही कंपनी स्थापन केली. पुढच्याच वर्षी, १९५५ मध्ये, तेथे पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. साठच्या दशकात स्ट्रेप्टोमायसिनची भर पडली. डॉ. एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिंपरीतच शोधलेल्या बुरशीनाशक औषधाला कंपनीच्या आद्याक्षरांवरून ‘हॅमायसिन’ हे नाव मिळाले. टाकीत ढवळून हवा देण्याची विद्या या देशात औद्योगिक प्रमाणावर रुजली ती या कारखान्यातून.

पाण्यातील टंचाई

हवेचा एकपंचमांश भाग प्राणवायूचा. तो फुकट मिळतो आणि कधी संपत नाही. मग अडचण कोठे आहे? अडचण पाण्यात आहे. एक लिटर हवेत सुमारे २७० मिलिग्रॅम प्राणवायू असतो. तिशीच्या तापमानाच्या एक लिटर पाण्यात मात्र हवेतून जास्तीत जास्त साडेसात मिलिग्रॅमच विरघळतो. पाणी तापत जाते तसा हा आकडा आणखी खाली येतो. साखर किंवा मीठ पाण्यात सहज विरघळते, प्राणवायू विरघळत नाही.

चंद्रपूर-गडचिरोलीतील माजी मालगुजारी तलावांवर मासेमारी करणाऱ्यांना ही टंचाई वेगळ्या रूपात दिसते. दिवसा शेवाळ व पाणवनस्पती प्राणवायू सोडतात. रात्री त्याच वनस्पती, मासे आणि तळाशी कुजणारा गाळ मिळून तो वापरतात. ढगाळ, निवाऱ्याच्या रात्रीनंतर पहाटे विरघळलेला प्राणवायू दोन-तीन मिलिग्रॅमच्या खाली उतरला की मासे वर येऊन तोंड उघडू लागतात. वारा सुटला, लाटा उठल्या की पाणी पुन्हा हवा ओढून घेते. तलावाला हा श्वास रात्रभरात लागतो. फर्मेंटरमध्ये तो क्षणाक्षणाला लागतो.

थोडा हिशेब मांडला की फरक ध्यानात येतो. एक ग्रॅम ग्लुकोजच्या पूर्ण ज्वलनासाठी एक ग्रॅमहून थोडा अधिक प्राणवायू लागतो. टाकीतील प्रत्येक लिटरमध्ये दहा ग्रॅम साखर असेल तर ती एकदाच विरघळवून ठेवता येते. परंतु तिच्यासाठी लागणारा प्राणवायू, म्हणजे साडेसात मिलिग्रॅमचा साठा, सुमारे १,४०० वेळा नव्याने भरावा लागतो. जिवाणूंच्या दाट आणि वेगाने वाढणाऱ्या मिश्रणात हवा बंद केली तर विरघळलेला सारा प्राणवायू दहा सेकंदांच्या आत संपू शकतो. बुरशीची भूक याहून कमी असली तरी तिच्याही बाबतीत हिशेब तासांचा नसून फार तर मिनिटांचा असतो. म्हणूनच अशा कारखान्यांत वीज खंडित होणे ही किरकोळ गैरसोय नसते.

बुडबुड्यापासून पेशीपर्यंत

टाकीत सोडलेल्या हवेतील प्राणवायूला पेशीपर्यंत पोहोचण्यासाठी अनेक टप्पे ओलांडावे लागतात. बुडबुड्याच्या आत तो मोकळा फिरतो. बुडबुड्याच्या कडेला मात्र पाण्याचा एक अतिशय पातळ, जवळजवळ स्थिर पापुद्रा असतो. पाण्यातून प्राणवायूचे रेणू हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतात, त्यामुळे वाट अडते ती येथेच. पापुद्रा ओलांडला की ढवळणाऱ्या पाण्याबरोबर तो टाकीभर फिरतो आणि शेवटी पेशीत शिरतो. सुटी पेशी इतकी लहान असते की शेवटच्या टप्प्याला फारसा अडथळा नसतो.

प्राणवायू पाण्यात शिरण्याचा वेग त्यामुळे तीन गोष्टींवर ठरतो : पापुद्रा किती पातळ आहे, हवा आणि पाणी यांच्यातील एकूण पृष्ठभाग किती आहे आणि पाण्यात मावेल इतक्या प्राणवायूपेक्षा प्रत्यक्षातील साठा किती कमी आहे. पहिल्या दोहोंचा गुणाकार अभियंते एकाच अंकात मोजतात आणि त्यावरून टाकीची ताकद ठरवतात.

यांतील पृष्ठभागाचा लाभ सर्वांत डोळ्यांत भरणारा आहे. एक लिटर हवेचा एकच बुडबुडा कल्पिला तर त्याचा व्यास साडेबारा सेंटिमीटरच्या आसपास आणि पृष्ठभाग वहीच्या उघड्या पानाएवढा भरेल. तीच हवा पाच मिलिमीटरच्या बुडबुड्यांत विभागली तर पृष्ठभाग सव्वा चौरस मीटरच्या जवळ जातो, म्हणजे सुमारे २५ पट होतो. एक मिलिमीटरचे बुडबुडे केले तर तो सहा चौरस मीटर होतो. शिवाय लहान बुडबुडा सावकाश वर चढतो, त्यामुळे प्राणवायू सोडण्यास त्याला अधिक अवधी मिळतो.

ढवळणीची कामगिरी

हे फोडण्याचे काम ढवळणी करते. टाकीच्या मध्यभागी वरपासून खाली जाणारा दांडा असतो आणि त्यावर ठरावीक अंतराने चकत्या बसवलेल्या असतात. अमेरिकी रसायन अभियंता रश्टन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चकतीच्या कडेला सहा उभी, सपाट पाती असतात. हवा तळाशी असलेल्या छिद्रांच्या कड्यातून नेमकी या चकतीखाली सोडली जाते. ती थेट वर निसटू शकत नाही. चकतीला अडून पात्यांच्या मागच्या भोवऱ्यांत ओढली जाते आणि तेथे तिचे तुकडे होतात.

ताक घुसळताना रवी फिरवली की मडक्यातील ताकही तिच्याबरोबर फिरू लागते. टाकीत असे झाले तर मध्ये भोवरा पडतो, सारे द्रव एकसाथ गोल फिरते आणि मिसळणे थांबते. ते टाळण्यासाठी आतील भिंतीवर बहुधा चार उभ्या पट्ट्या लावतात. त्यांची रुंदी टाकीच्या व्यासाच्या सुमारे एकदशांश असते. फिरणारे द्रव त्यांवर आदळून वर-खाली वळते.

दर मिनिटाला टाकीतील द्रवाच्या निम्म्यापासून एकपट आकारमानाएवढी हवा देण्याची पद्धत रूढ आहे. पन्नास हजार लिटर द्रवासाठी हे प्रमाण मिनिटाला पंचवीस ते पन्नास हजार लिटरपर्यंत जाते आणि ही सारी हवा आधी जंतूंपासून मुक्त करावी लागते. पूर्वी ती काचतंतू किंवा कापसाच्या थरांतून गाळत, आता सूक्ष्म छिद्रांच्या पटलांतून गाळतात. कारण पेनिसिलिन मोडणारा एखादा जिवाणू आत शिरला तर काही दिवसांची मेहनत आणि टाकीभर माल वाया जातो.

हवा वाढवत गेले की प्राणवायू वाढत जातो, असे मात्र नाही. हवा फार झाली तर पात्यांभोवती तिचा मोठा फुगा तयार होतो. पाती मग पाण्याऐवजी हवेतच फिरू लागतात आणि बुडबुडे फुटेनासे होतात. ढवळणीचा वेग वाढवण्यालाही मर्यादा आहे. वेग दुप्पट केला की वीज सुमारे आठपट लागते, प्राणवायूचा पुरवठा मात्र त्या प्रमाणात वाढत नाही. टाकीतील दाब वाढवणे हा आणखी एक मार्ग आहे, कारण दाब दुप्पट झाला की विरघळणारा प्राणवायूही दुप्पट होतो. हवेत शुद्ध प्राणवायू मिसळला तर मर्यादा जवळजवळ पाचपटीपर्यंत नेता येते, पण खर्चही वाढतो.

बुरशीचे हट्ट

यीस्ट किंवा जिवाणू सुटे सुटे वाढतात. पेनिसिलिनची बुरशी तंतूंनी वाढते. तंतूंचे जाळे दाट झाले की पातळ द्रव कढीसारखे, पुढे लापशीसारखे घट्ट होते. घट्ट द्रवात लहान बुडबुडे एकत्र येऊन मोठे होतात. पात्यांजवळ प्राणवायू पुरेसा असतो आणि भिंतीजवळ टंचाई असते. तंतूंचा गोळा बनला तर त्याच्या गाभ्यातील पेशी उपाशी राहतात. पाती जोरात फिरवली तर तंतूच तुटतात. या कात्रीत अभियंता सापडलेला असतो. विरघळलेला प्राणवायू हवेशी समतोल असलेल्या पातळीच्या सुमारे ३० टक्क्यांखाली गेला की पेनिसिलिन तयार होण्याचा वेग झपाट्याने घसरतो. बुरशी जिवंत राहते, पण औषध देत नाही.

त्यात उष्णतेची भर पडते. वापरल्या गेलेल्या प्रत्येक ग्रॅम प्राणवायूमागे सुमारे १४ किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. ढवळणीची वीजही शेवटी उष्णताच होते. टाकी मोठी होत जाते तसे तिच्या भिंतीचे क्षेत्रफळ आकारमानाच्या मागे पडते. त्यामुळे आत थंड पाण्याच्या नळ्यांची वेटोळी घालावी लागतात. प्रयोगशाळेतील पाच लिटरच्या भांड्यात सहज जमलेले काम पन्नास हजार लिटरच्या टाकीत न जमण्यामागे प्राणवायू आणि उष्णता ही दोन मोठी कारणे असतात.

हवेमुळे फेसही होतो. प्रथिनांनी भरलेले द्रव साबणासारखे फेसाळते, फेस वर चढून गाळण्या भिजवतो आणि जंतूंना वाट मिळते. फेस मारण्यासाठी तेल किंवा सिलिकोन घातले तर बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि प्राणवायूचा पुरवठा घटतो. म्हणून ते थेंबाथेंबाने घातले जाते.

या साऱ्यावर सर्वांत परिणामकारक उपाय निघाला तो मागणी आटोक्यात ठेवण्याचा. साखर एकदम न घालता संथ धारेने सोडायची. जेवढा प्राणवायू टाकी देऊ शकते, तेवढ्याच वेगाने बुरशीला जेवू घालायचे. त्यासाठी विरघळलेला प्राणवायू सतत मोजावा लागतो. अमेरिकी शास्त्रज्ञ लीलँड क्लार्क यांनी पन्नासच्या दशकात विकसित केलेल्या पातळ पडद्याच्या विद्युतशलाकेमुळे ते शक्य झाले. आज प्रकाशावर चालणारे संवेदकही आहेत. आकडा खाली जाताच यंत्रणा आधी ढवळणीचा वेग वाढवते, मग हवा वाढवते, गरज पडल्यास शुद्ध प्राणवायू मिसळते आणि तरीही भागले नाही तर साखरेची धार आखडते.

नाजूक पेशींची वेगळी तऱ्हा

औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, वोक्हार्ट कंपनीने २००३ मध्ये बाजारात आणलेले मानवी इन्सुलिन यीस्टपासून तयार केलेले होते. तेथेही प्रश्न भरपूर हवा देण्याचाच होता. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये २०२१ मध्ये कोट्यवधी मात्रांनी तयार झालेल्या कोव्हिशिल्ड लशीचा विषाणू मात्र मूळच्या मानवी पेशींत वाढवला जात होता. अशा पेशींची प्राणवायूची भूक दाट वाढलेल्या जिवाणूंच्या तुलनेत शेकडो पटींनी कमी असते, पण त्यांना कडक भिंत नसते. पृष्ठभागावर बुडबुडा फुटताना बसणाऱ्या धक्क्यानेही त्या फाटतात. तेथे पाती तिरकी आणि सावकाश फिरणारी असतात आणि पेशींना बुडबुड्यांपासून दूर ठेवणारे संरक्षक द्रव्य मिसळले जाते. एका टाकीत प्राणवायू जोराने कोंबायचा, तर दुसरीत तो हळुवारपणे पोहोचवायचा असतो.

हवेची किंमत

हवा फुकट असली तरी ती दाबणे, गाळणे, फोडणे आणि तिच्यामुळे वाढलेली उष्णता काढून घेणे यांत रात्रंदिवस वीज खर्च होते. पेनिसिलिनसारख्या स्वस्त औषधात हा खर्च निर्णायक ठरतो. हिंदुस्तान अँटिबायोटिक्स नव्वदच्या दशकात आर्थिक संकटात सापडली. स्वस्त चिनी मालापुढे देशातील पेनिसिलिन-जीचे किण्वनही बंद पडत गेले. पुढील औषधे बनवणारे कारखाने येथे उरले, पण त्यांचा मूळ माल बाहेरून येऊ लागला. कोव्हिडच्या साथीत या परावलंबनाची जाणीव तीव्र झाली आणि २०२० मध्ये केंद्र सरकारने मूळ औषधद्रव्यांसाठी उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन योजना जाहीर केली. तिच्या आधारे ऑरोबिंदो समूहाने आंध्र प्रदेशातील काकीनाडा येथे पेनिसिलिन-जीचा कारखाना उभारला आणि २०२४ मध्ये देशात हे उत्पादन पुन्हा सुरू झाले.

गडचिरोलीतील एखाद्या उपकेंद्रात सिकलसेलच्या बालकासाठी पेनिसिलिन वेळेवर मिळणे हे रस्ते, कर्मचारी आणि साठा यांवर जसे अवलंबून असते, तसेच दूरवरच्या अशा टाक्यांवरही असते. बालकाला ते रोज दोनदा, खंड न पडता, पाच वर्षे लागते. आणि ते ज्या टाकीत तयार होते तेथे ढवळणी काही मिनिटे जरी थांबली, तरी पाण्यातला प्राणवायू संपून औषध तयार होणे थांबते.